मास्तरांनी हरवलेला डाव

इतर मास्तर छडी वापरत, आमचे वामन मास्तर काळजी वापरत. चौलच्या मराठी शाळेत ते वर्गात आले की पाढे, कविता, नकाशा हे सगळं मागाहून. आधी दारात उभे राहून ते प्रत्येकाचे खिसे चाचपायचे. कोणाच्या खिशात चिंचोके सापडले की ते काढून टेबलाच्या खणात टाकायचे. वर्ष संपत आलं की तो खण इतका जड व्हायचा की ओढायला वर्गातला एखादा दांडगा मुलगा लागे.

चिंचोक्यांवर आम्ही एकी-बेकी खेळायचो. मुठीत मूठभर चिंचोके धरायचे, समोरच्याने एकी की बेकी ते सांगायचं, आणि जो चुकला त्याचे गेले. ज्याच्या घरी वाडी असे तो चिंचोक्यांऐवजी सुपाऱ्या लावी. गावातली सगळी पोरं खेळत, त्यांचे बाप लहानपणी खेळले होते, आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं. मास्तरांना हे सांगून उपयोग नव्हता. वर्गात बोलता बोलता कोणी 'लागली पैज?' म्हणालं की त्यांचा चेहरा उतरायचा. रागावत नसत. जवळ येऊन, वैद्य तापकऱ्याला विचारतो तसं हळू आवाजात विचारायचे, "कोणाकडून ऐकलंस रे हे? घरी कोण म्हणतं?" त्यापेक्षा दोन छड्या परवडल्या असत्या. त्यांच्या त्या विचारण्याने आपल्याला खरंच काहीतरी झालंय असं वाटायला लागे, आणि मी तर घरी जाऊन आरशात जीभ बघितली होती.

त्यांच्या ह्या भीतीचं मूळ गावाला ठाऊक होतं. मास्तरांच्या वडिलांनी सुपारीची भरली वाडी पत्त्यांवर घालवली होती. ती वाडी शाळेच्या वाटेवरच होती. मास्तर रोज तिच्या कुंपणाला लागून जात, पण जाताना छत्री त्या बाजूला आडवी धरत. ऊन दुसऱ्या बाजूने असलं तरी छत्री वाडीकडेच. नव्याने गावात आलेला माणूस हसायचा. आम्ही हसत नसू, कारण कुंपण संपेपर्यंत मास्तर एक शब्द बोलत नसत हे आम्ही पाहिलेलं होतं.

दुसरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मास्तर कळायचे नाहीत. एकदा त्यांनी आम्हाला कुंडलिका नदीचा उगम चुकीचा सांगितला. रात्री केव्हातरी त्यांच्या ते ध्यानात आलं असावं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी आई पागोळीखाली बादली लावत होती, तर धो धो पावसात मास्तर दारात उभे. आईच्या हातातली बादली गळायचीच बाकी राहिली. तिला वाटलं, कोणीतरी गेलं.

"गणपतला हाक मारा," मास्तर म्हणाले. मी डोळे चोळत बाहेर आलो. "गणपत, काल मी कुंडलिकेचा उगम चुकीचा सांगितला. खोडून टाक डोक्यातून."

"अहो पण मास्तर, उद्या शाळेत सांगितलं असतंत," आई म्हणाली.

"तोवर ते खोटं त्याच्या डोक्यात मुरलं असतं, वहिनी. आणि माझ्या पोटात खोटं राहत नाही. मला जेवण जात नाही." एवढं बोलून ते पुढच्या घरी गेले. त्या पावसात सगळ्या वर्गाची घरं त्यांनी पालथी घातली. वडील आईला म्हणाले, ह्या माणसावर जन्मात कधी काही लपवायची वेळ येऊ नये, मरेल बिचारा.

मास्तरांचा एकुलता एक मुलगा अंतू माझ्याच वर्गात होता. हाडकुळा, लांब बोटांचा, सदा कशाला तरी टपलेला. त्याच्यासारखं गणित वर्गात कोणाला येत नसे. आपले वडीलच ह्या पोराच्या रूपाने पुन्हा घरात शिरलेले आहेत असं मास्तरांना वाटे. त्यांनी अंतूला गोट्या दिल्या नाहीत, भोवरा दिला नाही, संक्रांतीला पतंग दिला नाही, कारण पतंग म्हटला की काटाकाटी आली आणि काटाकाटी म्हटली की पैज आली. पुढे तर माईंकडून, म्हणजे मास्तरांच्या पत्नीकडून, त्याच्या सदऱ्यांचे खिसे शिवून घेतले. अंतू चिंचोके टोपीत ठेवू लागला. आम्ही जे खेळून खेळून विटलो होतो ते त्याला कायम नवंच राहिलं. आम्ही हरलो की घरी जायचो. तो जिंकला तरी घरी जात नसे.

पण त्याची खरी सुरुवात झाली ती सणाच्या दिवशी, आणि मास्तरांच्या डोळ्यांदेखत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की आमच्याकडे बंदरावर नारळ फोडायचा खेळ सुरू होतो. सोललेला, शेंडी ठेवलेला नारळ एकाने हातात घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने आपला नारळ त्यावर आपटायचा. ज्याचा फुटला त्याचा नारळ समोरच्याचा झाला. चांगला नारळ असला आणि हात बसलेला असला तर माणूस संध्याकाळी पोतं भरून घरी जातो. त्यावर बाजूला उभे असलेले लोक आपापसात लावालावी करतात ती वेगळीच. ह्याला जुगार म्हणणारा माणूस गावात एकच होता. बाकी सगळ्यांच्या मते तो सण होता. बायका ओवाळून पाठवत, म्हातारे पोरांना नारळ निवडायला शिकवत.

अंतू तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेल. पोशा नाखवा म्हणून एक मोठा गलबतवाला होता, त्याने भर गर्दीत अंतूच्या हातात नारळ दिला.

"नको, नाखवा," मास्तर म्हणाले.

"मास्तर, सनाचा दिस हाय. दर्याच्या नावानं येक डाव खेलू द्या पोराला. हरंल न् गप बसंल."

आजूबाजूचे सगळे हसून बघत होते. सणाच्या दिवशी, समुद्रासमोर, वडीलधाऱ्या माणसाने दिलेला नारळ परत कसा करायचा? अंतूने नारळ कानाशी नेऊन नखाने टिचकी मारली, फिरवला, पुन्हा मारली, आणि मग आपटला. समोरच्याचा नारळ फुटला. मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. नाखव्याने त्याला खांद्यावर घेतलं. इतक्या माणसांनी इतक्या मोठ्याने अंतूचं नाव घेतलेलं त्याने कधी ऐकलं नसणार. घरी त्याचं नाव फक्त काळजीने घेतलं जायचं.

संध्याकाळी मास्तर आमच्या ओटीवर येऊन बसले. वडील म्हणाले, "अहो, पोरगा जिंकला. पेढे वाटा."

"जिंकला हेच वाईट झालं," मास्तर म्हणाले. "पहिला डाव हरला असता तर रडला असता आणि विसरला असता. जिंकलेलं विसरता येत नाही. आमचे वडील पहिला डाव कसा जिंकले ते मरेपर्यंत सांगत होते. वाडी कशी गेली ते कधी बोलले नाहीत."

त्यानंतरची दोन वर्षं मास्तरांनी कशी काढली ते मी शेजारून पाहिलं. अंतू एकी-बेकीवरून पत्त्यांवर गेला. रेवदंड्याच्या किल्ल्याच्या तटाआड मोठी मुलं बसत, त्यांच्यात हा बसू लागला. मास्तर शाळा सुटली की रेवदंड्यापर्यंत चालत जायचे, तटापाशी उभे राहायचे आणि हाक न मारता परत यायचे. "हाक मारली तर सगळ्यांसमोर त्याचा अपमान होईल," ते म्हणायचे, "आणि अपमान झाला की तो तिथलाच होईल." माईंच्या डब्यातून चार-दोन नाणी नाहीशी होऊ लागली तेव्हा माईंनी डबा हलवला नाही. त्यांना वाटायचं, घरातून मिळालं तर बाहेर उसने मागणार नाही. दोघंही आपापल्या परीने त्याला जपत होते आणि तो हातातून निसटत होता. मला त्या घरात जायची भीती वाटायची. अंतूच्या पावलांचा आवाज आला की दोघं बोलणं थांबवून दाराकडे बघत.

फायनलच्या वर्षी तर कळस झाला. तेव्हा मराठी शाळेतली शेवटची परीक्षा म्हणजे फायनल. ती पास झाली की मुलगा मास्तर व्हायचा, पोटापाण्याची सोय व्हायची. अंतू मला म्हणाला, "यंदा नारळी पौर्णिमेला रेवदंड्याच्या पोरांशी मोठा डाव आहे. मी करगोटा लावणार. जिंकलो की मुंबई. फायनल कोण देतो?" मुंजीत आजीने दिलेला चांदीचा करगोटा त्याच्या कमरेला होता. मी हे आईला सांगितलं, आईने माईंना, आणि माईंनी मास्तरांना. मास्तर त्यावर काहीच बोलले नाहीत असं माई म्हणाल्या, आणि त्यांना त्याचीच धास्ती वाटत होती.

पौर्णिमेला सगळा गाव बंदरावर होता. मास्तरही आले होते, गर्दीच्या मागे छत्री धरून. अंतूने आठ दिवस आधी निवडून ठेवलेला नारळ आणला होता. लहानसा, काळपट, जाड कवटीचा. त्याने नारळ पुढे धरला आणि रेवदंड्याच्या मुलाने हात उचलला. मी सहज मागे पाहिलं तर मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते.

पहिल्याच फटक्याला अंतूचा नारळ फुटला. नुसता फुटला नाही, उभा चिरून दोन फाका झाल्या. पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. लोक हसले. ज्यांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं तेही हसले. अंतूने करगोटा काढून दिला, हातातली फाक बराच वेळ उलटीसुलटी करून पाहिली आणि वाळूत टाकली. घरी जाऊन तो दोन दिवस जेवला नाही. मास्तरही जेवले नाहीत.

आणि मग चमत्कार झाल्यासारखं झालं. अंतू किल्ल्याकडे फिरकेना. "माझा हात गेला," एवढंच तो मला म्हणाला. त्याने पुस्तकं काढली, फायनल दिली आणि चांगल्या गुणांनी पास झाला. लोक येऊन मास्तरांना सांगत, देवानेच शिक्षा केली, बरं झालं. मास्तर मान हलवत. पण पोरगा सुधारला आणि मास्तर बिघडले. अंगावरचा कोट लोंबू लागला. फळ्यावर लिहिता लिहिता थांबत आणि खडू हातात धरून तसेच उभे राहत. माई माझ्या आईला म्हणाल्या, "आता कसली काळजी उरली आहे ह्यांना? रात्रभर कुशी बदलतात. विचारलं तर म्हणतात, मला जेवण जात नाही." आईला तेव्हाच शंका आली होती, असं ती पुढे म्हणायची. माझा त्यावर फारसा विश्वास नाही.

अंतूच्या नेमणुकीचा हुकूम आला त्या दिवशी मी त्यांच्याकडे होतो. जवळच्याच गावच्या शाळेत दुय्यम शिक्षक. माईंनी शिरा केला होता. अंतू खुशीत होता, मला शाळेचं वर्णन करून सांगत होता. मास्तरांनी बशी बाजूला ठेवली.

"अंतू, तो नारळ मी नासवला होता."

कोणाला काही कळलंच नाही. माई म्हणाल्या, "कुठला नारळ?"

"पौर्णिमेचा. आदल्या दिवशी तू विहिरीवर गेलास तेव्हा मी कोयत्याच्या पाठीने त्याला बारीक तडा दिला. वरून ओली राख चोळली. तू सगळ्यांसमोर एकदा हरावंस, एवढंच मला हवं होतं." ते घाईघाईने बोलत होते, धापा टाकल्यासारखे. "आता तुझं नीट झालं. आता तुला सांगायला हरकत नाही. वर्षभर हे माझ्या पोटात आहे, बाळा. मला क्षमा कर."

मला वाटलं अंतू ओरडेल, निदान बशी भिरकावेल. तो शांतपणे म्हणाला, "कुठल्या शिरेवर मारलंत?"

"काय?"

"नारळाला तीन शिरा असतात, अण्णा. कुठल्या शिरेवर तडा दिलात?"

"रुंद डोळ्याच्या बाजूच्या," मास्तर म्हणाले. ते खोटं बोलूच शकत नव्हते.

अंतूने मान डोलावली. "म्हणजे मी हरलो नव्हतो."

"हरलास, बाळा. तो देवाचाच कौल—"

"नाही अण्णा. तुम्ही हरवलंत. माझा हात गेला नव्हता." असं म्हणून तो हसला. वर्षभरात त्याला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. माईंनी पदर तोंडाशी धरला. एकट्या मास्तरांच्या चेहऱ्यावर हलकं वाटल्याची खूण होती. काय झालं ते त्यांना अजून कळलंच नव्हतं. त्यांनी बशी पुढे ओढली आणि शिऱ्याचा घास घेतला.

अंतूने त्या शाळेत महिना काढला न काढला. मग एक दिवस रेवसला जाऊन लाँचने मुंबई गाठली.

मी ह्यावर पुष्कळ विचार केला आहे. मास्तरांनी नारळ नासवला ते चुकलं, की सांगितलं ते चुकलं? माझी आई म्हणायची, "एक खोटं जन्मभर पोटात ठेवायला काय झालं होतं त्यांना?" मला वाटतं, दुसऱ्या कोणाही बापाने ते ठेवलं असतं. पण दुसऱ्या कोणा बापाला त्याचा इतका त्रासही झाला नसता, आणि त्याच्या मुलाला एवढ्या धाकात वाढावं लागलं नसतं. मला आजही मास्तरांचा राग येतो, आणि राग आला की लगेच त्यांची कीव येते.

पुढे मी अलिबागला कचेरीत लागलो. मुंबईत तेव्हा आकड्याचं वेड पसरलं होतं. न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस कोणत्या भावाला थांबला ते तारेने मुंबईला कळे आणि त्या भावाचा शेवटचा आकडा कोणता येईल ह्यावर लोक पैसे लावत. कापसाचं झाड न पाहिलेली माणसं कापसाच्या भावासाठी खोळंबून असत. हळूहळू ते वेड लाँचमधून आमच्याकडेही उतरलं. अंतू ह्याच धंद्यात आहे, असं कोणाकोणाकडून कानावर येई.

एकदा मी चौलला घरी आलो असताना मोटार थांबते तिथे पानं घ्यायला गेलो. दिवेलागण व्हायची होती. रेवसहून येणाऱ्या मोटारीची वाट बघत दहा-पंधरा जण उभे होते, त्यात शाळकरी पोरंही होती. आणि त्यांच्यात मास्तर होते. केस पांढरे झालेले, कोट तोच. मी वाकून नमस्कार केला.

"मास्तर, तुम्ही इथे?"

"अरे, गणपत. मी पैसे लावत नाही हो," ते आधीच म्हणाले. "मी फक्त ऐकायला येतो."

"काय ऐकायला?"

त्यांनी मला बाजूला घेतलं. "अंतू दोन पावसाळ्यांमागे आला होता. सगळं हरला होता. अंगावर धड सदरा नव्हता. चार दिवस राहिला, माईच्या हातचं जेवला, झोपला. मला म्हणाला, अण्णा, मी एका पंजावरच, पाचाच्या आकड्यावरच खेळतो, दुसऱ्या आकड्याला हात लावत नाही. मग पुन्हा गेला." मास्तर रस्त्याकडे पाहून म्हणाले, "म्हणजे बघ, पंजा आला की तो जिंकतो. जिंकला की कशाला येईल? पंजा आला नाही तर मात्र येण्याची आशा असते."

"आणि तुम्ही रोज येता?"

"रविवारी आकडा नसतो. रविवार फार जड जातो."

मोटार आली. पोरं धावली, त्यांच्यामागे मास्तरही धावले. मला त्यांना धावताना पाहायची सवय नव्हती. ड्रायव्हर खाली उतरता उतरताच म्हणाला, "मास्तर, आज सत्ता हाय. पंजा न्हाय."

पोरांचे चेहरे पडले. कोणाचा एक्का होता, कोणाचा अठ्ठा. त्या सगळ्या गर्दीत आनंद झालेला माणूस एकटे मास्तर. त्यांनी माझा दंड धरला. त्यांच्या डोळ्यांत जी चमक होती ती मी किल्ल्याच्या तटाआड पत्ते पिसणाऱ्या पोरांच्या डोळ्यांत पाहिलेली होती. पोरांचे खिसे चाचपणारे मास्तर आता तिथे नव्हते, आणि मास्तर तर समोरच उभे होते. मला त्यांची भीती वाटली.

"हरला," ते म्हणाले. "गणपत, हरला तो. चल घरी."

ते इतक्या झपाझप चालले की मला मागे राहावं लागलं. ओटीच्या पायरीवरूनच त्यांनी आत हाक मारली, "ऐकलंस का? अंतूचं पान घे. आज सत्ता आला."

"घेतलंय," माई आतून म्हणाल्या. "रोजच घेते."

मास्तरांना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. रस्त्याकडे तोंड करून ते ओटीवर बसले आणि शेजारची जागा हाताने झाडून मला म्हणाले, "बस ना. येईलच आता." मी थोडा वेळ बसलो. माझी आई जेवायची थांबली होती, म्हणून मग उठलो. मी फाटकातून बाहेर पडलो तेव्हा माई दिवा घेऊन बाहेर आल्या होत्या. मास्तरांनी त्यांना वाटेतून जरा बाजूला व्हायला सांगितलं, रस्ता दिसत नव्हता म्हणून.